आमची दोघांची दुसरी यात्रा

मी बी.ए. झालो तो माझ्या थोरल्या भावामुळे. हे वाक्य मी चारचौघांत पुष्कळदा बोललो आहे आणि ऐकणाऱ्यांना ते रिवाजाचे वाटते. म्हणून ते कसे घडले ते आधी सांगतो.

वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि दादा सतरा वर्षांचे. भोंगवलीला आमची जिराईत शेती. दादा मराठी चौथी झाले होते आणि त्यांना पुढे शिकायचे होते, हे मला आईने सांगितले. ते स्वतः कधी बोलले नाहीत. मी चौथी पास झालो त्या दिवशी आमचे एक चुलते ओट्यावर बसून म्हणाले, "आता पोरगं हाताला आलं. जुंप औताला." दादा म्हणाले, "इळा धरायला माजा हात हाय. ह्याचा नगं." आणि पुढच्याच महिन्यात माझी वळकटी डोक्यावर घेऊन त्यांनी मला चालत भोरच्या हायस्कुलात नेले.

भोरला एका विधवा बाईंकडे माझी सोय झाली. भाकरी त्यांनी करायच्या, पीठ आमचे. ते पीठ दादा दर पंधरवड्याला भोंगवलीहून पायी आणीत. पेरणीच्या दिवसांतही त्यांची खेप चुकली नाही. पावसात ते इरले स्वतःवर न धरता पिठाच्या गाठोड्यावर धरीत. आले की ओल्या अंगाने उंबऱ्यापाशी बसत आणि माझी वही मागत. इंग्रजी त्यांना येत नव्हते, तरी पान न् पान उलटून बघत. तांबड्या शाईची खूण दिसली की तिथे बोट ठेवून विचारीत, "हितं काय चुकलं?" मी सांगे. ते मान हलवीत, आणि पुढच्या खेपेला, "ते मागचं दुरुस्त झालं का?" असे आठवणीने विचारीत.

पुढे पुण्याला कॉलेजातही दादांच्याच कष्टांवर चालले. मी पदवीधर झालो तो आमच्या घराण्यात पहिला, आणि माझ्या माहितीप्रमाणे आमच्या गावातही पहिला. या सगळ्या वर्षांत मी दादांना एकदाही 'नाही' म्हटले नाही. ते एकदाच म्हणावे लागले, त्याची ही हकिकत आहे.

दुसऱ्या महायुद्धाचे तिसरे वर्ष होते. मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात शिक्षक होतो. लग्नाला अकरा वर्षे झाली होती. चौथ्या वर्षी एक मूल सातव्या महिन्यात पोटातच गेले. त्यानंतर काही नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले होते, की आता पुन्हा आशा धरू नका. मी ते घरी येऊन पत्नीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि तांदूळ निवडायला बसली. गावी मात्र मी हे कळवले नाही. दादांना वाईट वाटेल, एवढाच माझा विचार होता. पण न कळवल्यामुळे ते वाट बघत राहिले. दादांना तिन्ही मुलीच. घराला मुलगा व्हायचा तर तो माझ्याकडे, असे सगळ्यांनी धरलेले होते.

दिवाळीच्या आधी दादांचे कार्ड आले. अक्षर मोठे, ओळी खाली उतरत गेलेल्या. मजकूर असा होता: सुटीला घरी या. लग्न झाल्यावर जोडीने देव केले होते तसे पुन्हा एकदा करा. भाटघर धरणाच्या पाण्याकडून जा, पालीला मुक्काम करून गडावर पद्मावतीला जा, मग वेल्ह्याला मेंगाईची ओटी भरा. येताना विंझरला माझ्या ओळखीचे एक घर आहे, तिथे एक दिवस राहा. त्यांना निरोप गेला आहे. हवापाणी पालटेल.

आमच्या शाळेत भूगोल शिकवणारे एक गृहस्थ होते. त्यांच्याजवळ कोणत्या तरी विलायती दुधाच्या डब्याबरोबर आलेले जुने कॅलेंडर होते. त्यावर स्वित्झर्लंडमधल्या एका सरोवराचे रंगीत चित्र: निळे पाणी, पांढरी आगबोट, मागे बर्फाचे डोंगर, आणि काठावरच्या बाकावर बसलेले एक पिकल्या केसांचे जोडपे. वर्ष उलटल्यावर ते त्यांनी मला दिले होते आणि पत्नीने ते चुलीसमोरच्या भिंतीला लावले होते. मी सुटीचा बेत सांगितला तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "म्हणजे पाणीही आलं आणि डोंगरही आला. निघाली की हो स्वारी स्वित्झर्लंडला! आमचं स्वित्झर्लंड म्हणजे सासुरवाडी. तिथं बर्फ फक्त सासूबाईंच्या तोंडावर."

निघण्याआधी पत्नीने बाजारातून एक नवे लुगडे घ्यायला लावले. हिरवे, तांबड्या काठाचे. मी म्हटले, इतके भारी कशाला? ती म्हणाली, "द्यायाचं हाय. हलकं नगं." ओटीसाठी असेल, असे समजून मी पुढे विचारले नाही.

दिवाळी भोंगवलीला झाली. भाऊबीज उरकल्यावर आम्ही निघालो. दादा वेशीपर्यंत आले. "काय मास्तर, डोंगार चढवंल का खुर्चीत बसून गुडगं गेलं?" असे मला म्हणाले. पत्नीशी ते थेट बोलत नसत. धाकट्या भावजयीशी बोलायची आमच्यात रीत नाही. म्हणून माझ्याकडे बघूनच म्हणाले, "तिला म्हनावं, पायाला फोड आला तर बसावं. घाई न्हाई." वहिनी मागे उभ्या होत्या. त्यांनी पत्नीच्या डोक्यावरचे बोचके उगाच पुन्हा एकदा नीट केले आणि तोंड फिरवले. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

पहिली यात्रा आमच्या लग्नानंतर लगेच झाली होती. तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि मी मॅट्रिक होऊन कॉलेजात जाण्याच्या तयारीत. दोन गाड्या भरून माणसे होती. बायकांची गाडी पुढे, आमची मागे. धरण नुकतेच बांधून झाले होते आणि सगळे जण पाण्याकडे बोट दाखवून ओरडत होते. त्या चार दिवसांत मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. तिचे तोंडही मी नीट पाहिले नव्हते.

या वेळी आम्ही दोघेच होतो. आमच्या बाजूला नवरा पुढे चालतो आणि बायको दहा पावले मागे. भोर सुटेपर्यंत तसेच चाललो. पुढे रस्ता मोकळा झाला तशी ती बरोबरीला आली. समोरून कुणी येताना दिसले की ती पावले आखडून मागे राही, आणि माणूस गेला की पुन्हा बरोबरीला. पहिल्या दिवशी असे पंधरा-वीस वेळा झाले असेल. शेवटी ती म्हणाली, "मागंफुडं करूनच माजं चालनं दुप्पट झालं." आणि नंतर एक म्हातारा बैल घेऊन समोरून आला, तरी ती मागे गेली नाही. म्हाताऱ्याने आमच्याकडे बघितले, बैलाकडे बघितले, आणि गेला.

भाटघरला पाणी काठोकाठ होते. वरच्या अंगाला न्यायला एक होडी होती. होडीवाला पन्नाशीचा, बोलका. आम्ही दोघे एका फळीवर बसलेले पाहून म्हणाला, "नवीन लगीन दिसतंय."

"व्हय," पत्नी म्हणाली. "अकरा वर्सं झाली."

"आन् आजून बोलताय येकमेकांसंगं? आमच्या हिनं दुसऱ्या वर्सालाच बंद केलं."

"तुमीच लई बोलत असाल. तिला जागा कुठं ऱ्हानार?"

तो इतका हसला की होडी हलली. मग वल्हे मारता मारता त्याने पाण्यात बोट दाखवून सांगितले, की इथे खाली त्याच्या बापाचे भाताचे खाचर होते. "मी हितं चिखलात खेळलोय. आता त्याच्या वरनं ने-आन करतो."  दोन्ही बाजूंना पिवळे झालेले गवत, मध्ये कापणीला आलेल्या भाताचे तुकडे, आणि समोर निळे डोंगर एकामागे एक. पत्नीने हात पाण्यात सोडला होता. मग मला हळूच म्हणाली, "आपल्या भितीवरली ती बाई रिकाम्या हातानं बसलीय बगा बाकावर. तिनं बोचकं कुठं ठिवलं आसंल?"

मी म्हटले, त्यांच्याकडे हमाल असतात.

"मंग आसू द्या. माज्या बोचक्याचं मला जड न्हाई."

उतरल्यावर गडाच्या बाजूची खिंड चढायची होती. वरच्या सपाटीला धनगरांची चार घरे होती. एका बाईने आम्हाला हाक मारून बसवले, ताकाची लोटी पुढे केली. कुठले, कुठे चालला, सगळे विचारून झाले. जोडीने देव करायला निघालो आहोत हे ऐकून तिला बरे वाटले. "बेस केलं. आन् पोरं कुठं ठिवली?"

मी लोटी तोंडाला लावली. पत्नी अगदी सहज म्हणाली, "घरी हाईत. जावंपाशी."

"किती हाईत?"

"दोन. येक ल्योक, येक लेक."

"मंग आनी काय मागाय चाललाय देवाला? भरलं की घर!"

"मागाय न्हाई. सांगाय चाललोय."

खिंड उतरताना मी तिला विचारले, एवढे खोटे कशाला बोललीस? ती म्हणाली, "तिनं वळखपाळख नसताना ताक दिलं. तिला उगा वाईट वाटवायचं व्हय?" दगडांची वाट होती, ती पायाखाली बघत उतरत होती. बऱ्याच वेळाने, मी विषय विसरलो असे समजून की काय, म्हणाली, "नावं इचारली असती तर नावंबी सांगितली असती."

 लग्नाला अकरा वर्षे होऊनही मला ही गोष्ट माहीत नव्हती.

पालीला एका शेतकऱ्याच्या पडवीत मुक्काम केला आणि सकाळी गड चढलो. पद्मावतीला खण-नारळ वाहिला. वरून एका अंगाला भाटघरचे पाणी दिसत होते, दुसऱ्या अंगाला तोरणा. पत्नी बुरुजाच्या कडेला उभी राहून किती तरी वेळ बघत होती. आपण आलो ती वाट कोणती, होडी कुठे असेल, उद्या जायचे ते वेल्हे कुठे, सगळे मला विचारून घेतले. मला वाटले, तिला हे पाठ करून ठेवायचे आहे. शाळेत एखादी चांगली मुलगी नकाशा पाठ करते तसे.

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याला मेंगाईच्या देवळात गेलो. लुगडे देवीला आता नेसवतील म्हणून मी बाजूला उभा राहिलो. पत्नीने बोचके सोडले, खण काढला, तांदूळ, नारळ, हळकुंडे काढली, ओटी भरली आणि बोचके पुन्हा बांधले.

बाहेर पायरीवर बसल्यावर मी म्हटले, "लुगडं राहिलं की."

"ते देवीचं न्हाई."

"मग कुणाचं?"

ती नारळाचा तुकडा हातात घेऊन बसली होती. तो तिने पदराला बांधला. मग म्हणाली, "इंझरला लागंल. तितल्या पोरीला."

तिने जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. विंझरच्या त्या घरात लग्नाची मुलगी होती. दादांनी माझ्यासाठी ती योजली होती. एकीवर दुसरी करताना आमच्या बाजूला मुलीकडचे एक गोष्ट बघतात: पहिलीची खुशी आहे की नाही. ती बोलून कुणी विचारत नाही. पहिलीने आपल्या हाताने नवे लुगडे नेऊन मुलीच्या ओटीत घालायचे, म्हणजे ती राजी आहे असे समजते आणि मुलीचे आईबाप निर्धास्त होतात. हे सगळे शिमग्याला गावी गेलो तेव्हाच वहिनींनी तिला सांगितले होते. मला सांगायचे नव्हते, कारण सांगितले तर मी पुस्तकातले काही तरी काढून बसेन, असे दादांचे म्हणणे.

"म्हणजे तुला शिमग्यापासून माहीत आहे?"

"व्हय."

"आणि तू गप्प राहिलीस? लुगडं माझ्याकडूनच घेतलंस?"

"थोरल्यांनी तुमाला शिकिवलं. त्यांचं मागनं वंगाळ हाय का? घराला दिवा पायजे म्हनत्यात. माज्याच्यानं न्हाई हुनार, ते डाक्टरीनबाईनं सांगितलं. मंग मी आडवं कशाला यिऊ?"

"मग ही यात्रा तरी कशाला? सरळ विंझरलाच जायचं."

तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "यात्रा मला पायजे हुती. देवासाटी न्हाई. येक डाव आपुन दोघंच कुठंतरी जावं म्हटलं. ह्याच्या फुडं तिघं आसनार."

मी पायरीवर तसाच बसून राहिलो. समोरच्या खाचरात भाताची कापणी चालली होती. माझ्या पोटात दादांच्या पिठाच्या भाकरी होत्या, डोक्यात त्यांनी शिकवलेली विद्या होती, आणि या दोन्हींच्या जोरावर मला एवढेही ठरवता येत नव्हते, की उठून विंझरला जावे की न जावे. शेवटी तिनेच उठवले. "निरोप गेलाय. स्वैपाक झाला आसंल. त्यांचं आन्न का वाया घालवायचं?"

मी म्हटले, जाऊ. पण बोचके मी सांगेपर्यंत सोडू नकोस.

विंझरचे घर सुखवस्तू शेतकऱ्याचे होते. घरधनी अंगणात वाट बघत उभे. घोंगडी अंथरलेली. पत्नी माजघरात गेली. मुलीने पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. सोळा-सतरा वर्षांची असेल.  मी शिक्षक, त्या वयाची मुले मी वर्गात रोज बघतो. तिच्यापुढे मी एकतीस वर्षांचा, चष्मा लावलेला.

घरधनी म्हणाले, "पोरगी कामाला वाघीन हाय, मास्तर. भाताचा भारा गड्यापरीस आदी खळ्यावर आनती. तुमच्या शहरात भारा न्हाई, पर पान्याचं हंडं तरी असतीलच की."

मी म्हटले, "मामा, एक बोलायचं आहे. दादांनी तुम्हाला शब्द दिला तो मला न विचारता. मला आजच कळलं. मला दुसरं लग्न करायचं नाही. मुलीत काही उणं नाही. उणं असलं तर माझ्या सांगण्यात आहे, हे मी आधीच कळवायला हवं होतं."

 त्यांचा आवाज चढला. "आज कळलं, तर तसंच हितं आलासा कशाला? पोरीनं पानी दिलं, तुमी प्यालासा. आता गावात काय सांगू? मास्तरानं बघून नापसंत किली?"

 मी एवढेच म्हटले, की गावात सांगा, मास्तराच्या घरी पहिली आहे म्हणून आम्हीच दिली नाही. ते म्हणाले, "शिकल्याली मानसं. सांगायचं कायबी शिकिवत्यात." पण जेवल्याशिवाय त्यांनी जाऊ दिले नाही.  माजघरात काय झाले ते पत्नीने वाटेत सांगितले. बाहेरचे बोलणे आत ऐकू आले तेव्हा मुलीची आई चुलीपाशी खाली बसली, पत्नीचा हात धरला आणि म्हणाली, "बाई, लई उपकार झालं. सवतीवर लेक द्यायची म्हंजे दोगींच्या जिवाचं हाल. पर बापापुढं माजं काय चालतंय?"

भोंगवलीला परत आलो तेव्हा दादा गोठ्यात होते. पत्नीने बोचके सोडले आणि ते लुगडे, घडी न मोडलेले, वहिनींच्या पुढे ठेवले. वहिनींनी ते बघितले, दादांनीही दारातून बघितले.  दादांनी बैल सोडले आणि पाण्यावर घेऊन गेले. मी मागोमाग गेलो. ते माझ्याकडे पाठ करून बैलाला चोळत होते. मी तसाच माघारी फिरलो. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा ते शेतावर गेले होते. मी भोरला पहिल्यांदा गेलो त्या दिवसापासून दादा मला वेशीपर्यंत पोचवायला आले नाहीत, असे कधी झाले नव्हते.

मोटारीत पत्नी म्हणाली, "अजून येळ गेली न्हाई. तुमी म्हनाल तर मी जावंला निरोप धाडते." मी नको म्हटले. घरी पोचल्यावर आठ दिवस लिहीत आणि फाडीत होतो. शेवटी जे पाठवले ते इथे उतरून देतो. त्याची प्रत पत्नीने ठेवायला लावली होती.

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

आम्ही दोघे सुखरूप पोचलो. हे पत्र मी सुट्या अक्षरांत लिहीत आहे, म्हणजे ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावे लागणार नाही. सावकाश वाचावे.

विंझरला मी नाही सांगून आलो. आपला शब्द खाली पडला आणि त्या घरी आपल्याला मान खाली घालावी लागली. त्या मुलीलाही विनाकारण बोल लागला. याचा दोष माझा आहे. आमच्या घरी मूल होणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी मला सात वर्षांपूर्वी सांगितले होते. ते मी आपल्यापासून लपवले. आपण आशेवर राहिलात. ते, आणि मला दुसरे लग्न करायचे नाही हेही, त्याच वेळी लिहिले असते तर आपण विंझरला बोलायला गेला नसता. क्षमा असावी.

मी आपले ऐकले नाही, याचे कारण शिक्षण नव्हे. मला शिकवल्याचा आपल्याला पश्चात्ताप होऊ नये म्हणून हे लिहितो. कारण वेगळे आहे. धाकटी पुतणी जन्मली त्या साली मी सुटीत घरी होतो. बारशाच्या दुसऱ्या दिवशी चुलते ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, तिसरीबी लेकच, आता दुसरी कर, मी बघून ठेवली आहे. वहिनी आत पाळण्यापाशी होत्या. आपण चुलत्यांना म्हणालात, 'काका, उठा. तिला आत आइकू जातंय.' एवढेच म्हणालात. चुलते वर्षभर आपल्याशी बोलले नाहीत. घराला मुलगा हवा होता तो तेव्हाही हवाच होता. मी दाराआड उभा होतो. मी आपल्याकडून पुष्कळ शिकलो, त्यात हेही शिकलो. विंझरला मला दुसरे काही सुचले नाही.

आपल्या भावजयीने आपल्याविरुद्ध एक शब्द काढलेला नाही. लुगडे तिने राजीखुशीने नेले होते. मी अडवले नसते तर तिने ते दिले असते, आणि घरी येऊन कुणाला कळू न देता सोसले असते. तिने आपल्याला सांगायला सांगितले आहे, की थोरल्यांचे मन मोडले याचे तिला फार लागले आहे. तिच्यावर राग धरू नये. धरायचा तो माझ्यावर धरावा.

आपल्या घराचे पुढे काय, हा विचार मीही केला. मला त्याचे उत्तर सापडले नाही. आपल्याला सापडले असे वाटून आपण हे केलेत, हे मला कळते. धाकटी पुतणी दुसरी पास झाली आहे. तिला आमच्याकडे पाठवलीत तर आम्ही तिला शाळेत घालू. वहिनींना विचारावे. त्यांच्या मनात नसेल तर आग्रह नाही.

आपण वेशीपर्यंत आला नाहीत. मी मोटार सुटेपर्यंत रस्त्याकडे बघत होतो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, फक्त कळावे म्हणून लिहिले.

शिमग्याला आम्ही येऊ. दोघेच येऊ. आल्यावर आपण बोललात तर बोलेन, नाही बोललात तर गोठ्यातले काम करीन. वहिनींना नमस्कार. मुलींना आशीर्वाद.

आपला धाकटा.